गाढवाची वाटणी

घर भाड्यानं घ्यायला मी प्रथम त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. घरात माणसं किती, पाणी किती लागतं, हेही विचारलं नाही. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो, बायको दारात उभी होती, आणि ते चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही धारचे. तुमच्याकडे होळीला काय करतात?"

मी म्हटलं, "पेटवतो. पुरणपोळी करतो. दुसऱ्या दिवशी धुळवड."

"ते सगळेच करतात. तुमच्या गल्लीत असं काय करतात, जे पलीकडच्या गल्लीत करत नाहीत?"

मी दाराकडे पाहिलं. बायको दारातूनच म्हणाली, "माझं माहेरही धारचंच. आमच्या गल्लीत नव्या जावयाला होळीच्या राखेचं गंध लावून उलट्या खाटेवर बसवतात आणि गल्लीभर फिरवतात. ह्यांनाही फिरवलं होतं. हे खाटेवरूनच सांगत होते, एक पाय कच्चा आहे, नीट धरा."

ते खूप हसले. मग उठून त्यांनी भिंतीवरची किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता बायकोच्या हातात दिली. भाड्याची गोष्ट आम्ही सामान आणल्यावर निघाली.

ते जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. त्यांच्याविषयी देवासमध्ये पुष्कळ गोष्टी सांगतात, त्यातल्या काही फुगवलेल्या आहेत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो आहे आणि अजूनही राहतो. म्हणून जे स्वतः पाहिलं ते, आणि जे ऐकलं ते ऐकलं असं म्हणून, लिहून ठेवतो.

गल्ली त्यांना फिरंगीकाका म्हणे. तोंडावरही म्हणे, आणि त्यांना ते आवडे. वास्तविक घराणं जुनं मराठी, आजोबा इथल्या दरबारात कारकून. देवासची गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते: ह्या एका गावात पूर्वी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि काही ठिकाणी रस्त्याची ही बाजू एकाची तर ती बाजू दुसऱ्याची. संस्थानं गेली, पण आमच्या गल्लीत होळ्या दोनच राहिल्या. ज्याचा आजोबा ज्या पातीच्या नोकरीत, त्याची ती होळी. एका होळीवरून दुसऱ्या होळीवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं, इतक्या त्या जवळ. मी धारचा, म्हणून मला दोन्हीकडे वर्गणी पडे आणि नारळ मात्र कुणीच देत नसे.

फिरंगीकाका तरुणपणी इथल्या एका चामड्याच्या कारखान्यात यंत्रांवर होते. कारखान्यानं त्यांना काम शिकायला पोर्तुगालला पाठवलं. तिकडे उत्तरेत बुटांचे कारखाने पुष्कळ आहेत. गेले होते थोड्या दिवसांसाठी, तिथेच दुसरी नोकरी धरून राहिले आणि डोक्याचे केस पांढरे झाल्यावर परतले. लग्न केलं नाही. पैसे आणले असतील, पण दिसत नसत. दिसत ते मुखवटे. खालपासून वरपर्यंत जिन्याच्या भिंतीवर लाकडी मुखवटे टांगलेले: कुणाला शिंगं, कुणाच्या नाकावर साप, कुणाची जीभ हनुवटीखाली लोंबणारी. आमच्याकडे येणारा पाहुणा पहिल्यांदा जिना चढला की अर्ध्यावर थांबायचा. माझी सासू दर वेळी पदर डोक्यावर घेऊन, खाली बघत, भराभरा चढायची.

हे मुखवटे लाझारीं नावाच्या डोंगरातल्या एका गावचे. काकांच्या कारखान्यातला जोडीदार त्या गावचा होता आणि दर वर्षी सणाला तो काकांना घरी न्यायचा. सणाचं नाव एंत्रूदु. आपण टीव्हीवर कार्निव्हाल म्हणून जे बघतो, त्याचंच हे जुनं खेडवळ रूप. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा कडक उपास असतो. तो लागण्यापूर्वीचे तीन-चार दिवस गाव रस्त्यावर उतरतं.

"म्हणजे आपली गटारी," मी एकदा म्हटलं.

"गटारी माणूस लपून करतो," काका म्हणाले. "हे चौकात करतात, आणि पाद्री खिडकीतून बघतो."

त्यांना सर्वांत राग कशाचा येत असेल तर 'पोर्तुगालचा कार्निव्हाल' ह्या शब्दांचा. असा काही एक सण नाहीच, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक गावाचा आपला वेगळा. पोदेन्स गावात पोरं जुन्या चादरींच्या लाल-पिवळ्या-हिरव्या झालरी शिवलेला अंगरखा घालतात, तोंडावर टोकदार नाकाचा पत्र्याचा मुखवटा, कमरेला गुरांच्या घंटा, आणि उड्या मारत बायकांच्या मागे धावतात. तोर्रेस व्हेद्रासला दाढीमिशीवाले पुरुष लुगडी नेसल्यासारखे बायकांचे कपडे घालून मिरवतात आणि पुढाऱ्यांचे मोठमोठे पुतळे काढतात. तेर्सेरा नावाच्या बेटावर नाचणाऱ्यांचे फड गावोगाव फिरून आपलं नाटक करतात. ओव्हार शहराचं नाव निघालं की मात्र त्यांचा चेहरा कडू होई. "तिथं ब्राझीलची नक्कल. थंडीत उघड्या मुली नाचवतात. त्यांची दातखीळ बसलेली मी पाहिली आहे."

आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "प्रत्येक गावाला आपला एक वेडेपणा पाहिजे. तो नसेल तर ते गाव नव्हे, नुसती वस्ती."

हे वाक्य ते भाजीवाल्याला, नगरपालिकेच्या माणसाला, दाताच्या डॉक्टरलाही ऐकवीत. डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही त्यांनी ते म्हणण्याचा प्रयत्न केला होता, असं आत्यांनी मला सांगितलं आहे.

आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. कन्याशाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न झालेल्या. काका परदेशी असताना आईचं दुखणं, घराची कौलं, खालच्या नळाचं भांडण, सगळं त्यांनी एकटीनं पाहिलं. काका परत आले ते सरळ घराचे मालक होऊन बसले, आणि आत्यांनी पानं वाढायला घेतली. घरात बोलायचं ते काकांनी. आत्यांचं बोलणं "हो दादा" आणि "बघते दादा" ह्या दोन शब्दांत संपे. मी त्यांना कित्येक वर्षं फार शांत बाई समजत होतो. माझी बायको मात्र दुपारी त्यांच्याकडे निवडायला डाळ घेऊन जायची आणि वर येऊन एकटीच हसत बसायची. विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला सांगून उपयोग नाही. तुम्ही खरं की खोटं विचाराल."

एका फाल्गुनात काकांनी मला भगोऱ्याला नेलं. होळीच्या आधी आमच्या धार जिल्ह्यात भिलांचे हे बाजार भरतात. मी जिल्ह्याचाच, पण एकदाही गेलो नव्हतो. आम्ही बसनं धामनोदला उतरलो, तिथून डहीची गाडी धरली. गाडीत इंदूरचे दोन पोरगे मोठे कॅमेरे घेऊन बसले होते. त्यातला एक म्हणाला, "अंकल, सुना है यहां लड़का लड़की को पान खिलाता है और भगा ले जाता है?"

"तुमने किसी को भगाया?" काकांनी विचारलं.

"नहीं अंकल."

"तो फिर इनकी छोड़ो. ये लोग बाजार करने आते हैं. मीठ, गूळ, कपडा घेतात, नाचतात, घरी जातात. तुमको बुलाया किसी ने?"

काकांचं असंच होतं, भर वाक्यात हिंदीतून मराठीत येत आणि समोरच्याला ते कळलंच पाहिजे असं धरून चालत. डहीच्या बाजारात ते एका कडेला उभे राहिले. ढोलांच्या मागून ढोल येत होते. एका रंगाचे कपडे घातलेल्या पोरींचे घोळके एकमेकींच्या गळ्यात हात घालून चालत होते. मी म्हटलं, "काका, तुमच्या पोदेन्ससारखंच की."

"नाही," ते म्हणाले. "हे ह्यांच्यासारखं आहे. तुलना नको करू. बघ."

मला ते उत्तर फार आवडलं. दुसऱ्याची गोष्ट आपल्या गोष्टीत बसवण्याचा मोह त्यांना नव्हता. स्वतःच्या गल्लीवर मात्र त्यांनी वाटेल ते प्रयोग केले.

परतताना धामनोदला त्यांनी गुरांच्या घंटा घेतल्या आणि त्या वर्षीच्या रंगपंचमीला पोदेन्सचा अंगरखा शिवला. आपल्याकडे झालरींना चादरी कुठल्या, म्हणून जुनी घोंगडी कापली. पोदेन्स थंड डोंगरात आहे आणि देवासमध्ये रंगपंचमीला ऊन डोक्यावर असतं, एवढा एकच हिशेब राहिला. ते मुखवटा लावून, घंटा वाजवत, उड्या मारत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथं दूधवाल्याच्या म्हशी उभ्या होत्या. घंटा ऐकून त्या निघाल्या त्यांच्या मागे. काका उडी मारीत, म्हशी वेग वाढवीत. दूधवाला ओरडत होता, "काका, रुक जाओ, तुम रुकोगे तो ये रुकेंगी." ते दारात पोचले तेव्हा घोंगडीत शिजून लाल झाले होते. आत्यांनी घागरभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं.

काका धापा टाकत म्हणाले, "हाच खरा जुना एंत्रूदु. पूर्वी तिकडे खिडकीतून पाणीच ओतत. पाणी, पीठ, अंडी."

आत्या आत गेल्या आणि पिठाचा डबा घेऊन आल्या. पुढचं सांगत नाही, गल्लीत त्याचे व्हिडिओ आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

एका माघात काका वर आले, आमच्या पलंगावर बसले आणि म्हणाले, "वैशाखाआधी दुसरं घर बघा. हे मी विकतो आहे. इंदूरचा बिल्डर आहे, बोलणं झालं. पुण्याला पुतण्याच्या इमारतीत फ्लॅट मिळतो. गुडघे गेले माझे, हा ओटा, हे अंगण नको आता."

मी विचारलं, "आत्या काय म्हणतात?"

"ती काय म्हणणार? तिचीही सोयच आहे. लिफ्ट आहे."

आम्हाला घर शोधावं लागणार होतं, पण ते दुय्यम. त्या दुपारी बायको खाली गेली ती न हसता वर आली. म्हणाली, "आत्यांनी मटार सोलता सोलता सांगितलं. मला विचारलंच नाही, म्हणाल्या. म्हणाल्या, आईला ह्या घरातून नेलं, माझ्या वर्गातल्या मुली ह्याच गल्लीतून शाळेत आल्या, आता ह्या वयात मी लिफ्टमध्ये कुणाशी बोलू?"

"मग काकांना सांगत का नाहीत?"

"सांगायला त्यांनी थांबायला नको का?"

हे खरं होतं. काका बोलायला लागले की दोन वाक्यांच्या मध्ये पाय ठेवायला जागा नसे.

ही देवासची शेवटची होळी म्हणून काकांनी गल्लीला काहीतरी देऊन जायचं ठरवलं. आतापर्यंत त्यांनी घंटा आणल्या, पुतळे केले, पण लाझारींची खरी चीज राखून ठेवली होती. तिथं सणाच्या मंगळवारी चौकात गाढवाची वाटणी होते. गाढव नसतंच, नावाला. मुलींच्या बाजूनं एकजण उभी राहते आणि गावातल्या पोरांना कवितेतून गाढवाचा एकेक अवयव वाटून देते. ह्याला जीभ, कारण हा चुगलखोर. त्याला पोट, कारण तो फुकट खाणारा. मग पोरांच्या बाजूनं मुलींना. वर्षभर जे बोलता आलं नाही ते त्या दिवशी चौकात बोलायचं. ज्याच्याबद्दल बोललं जातं त्यानं समोर उभं राहून ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. त्या वर्षी उत्तर द्यायचं नाही. द्यायचं तर पुढच्या वर्षी, ह्याच चौकात. आणि सगळं झाल्यावर एकाच हंड्यातलं जेवायचं. उत्तराचा हा नियम लाझारींचा की काकांचा स्वतःचा, हे मला कधी ताडून बघता आलं नाही. त्यांनी तो तिथलाच म्हणून सांगितला.

काकांनी त्यात बदल एवढाच केला की पोरापोरींऐवजी सगळी गल्ली घेतली, आणि दोन होळ्यांच्या मधली जागा हा चौक धरला.

बैठक आमच्या ओट्यावर झाली. समोरच्या घरातले निवृत्त ओव्हरसीयर, थोरल्या पातीचे, त्या बाजूचं त्यांच्याशिवाय पान हलत नसे. सगळं ऐकून ते म्हणाले, "पुरुष बायकांना बोलणार, ठीक है. पण आमच्या घरच्या बायका चौकात उभ्या राहून आमची इज्जत उतरवणार? ये नी होने का, भिया."

काका म्हणाले, "बरं. धाकटी पाती तयार आहे. थोरली घाबरली असेल तर तसं सांगतो गल्लीत."

"घाबरली कौन बोला?"

"तुम्हीच आत्ता."

ओव्हरसीयरांनी चहाचा कप खाली ठेवला. "गाढव किती मोठं पाहिजे?" त्यांनी विचारलं.

गाढव आत्यांनी शिवलं. जुन्या गाद्यांचा कापूस, गोणपाटाचं कातडं. कान, शेपूट, पाय, जीभ, सगळं वेगळं करता येईल असं कच्च्या टाक्यांनी जोडलेलं. काका खुर्चीवर बसून सूचना देत, "शेपटी जरा वर घे. डोळे भोळे नको, लबाड कर." आत्या "हो दादा" म्हणत आणि सुई चालू ठेवीत.

धुळवडीला सकाळी गल्ली भरली. दोन्ही होळ्यांच्या उरलेल्या गोवऱ्या एकत्र करून त्यांवर बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, भाजायला ठेवले होते, एका हंड्यात डाळ. मधे स्टुलावर गाढव. पहिली पाळी पुरुषांची. ओव्हरसीयरांच्या मुलानं वाचलं आणि सगळ्यांना सांभाळून वाचलं. माझ्या बायकोला शेपूट मिळालं, कारण जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती हाकते. बायको शेपूट खांद्यावर टाकून मिरवली. मग बायकांची पाळी. वाचायला ओव्हरसीयरांची कॉलेजातली नात उभी राहिली. पोरगी हुशार, पण सगळं शिक्षण हिंदीतलं, आणि मराठी ओळी लोकांसमोर वाचायच्या म्हणजे तिची जीभ अडखळायला लागली. तिसऱ्या शब्दाला थांबली आणि म्हणाली, "आत्या, मुझसे नी होगा. तुम्ही वाचा ना."

आत्या पुढे आल्या. चष्मा लावला, कागद बघितला, आणि घडी करून पदराला बांधला. पुढचं सगळं पाठ होतं. नंतर कळलं की लिहिलंही त्यांनीच होतं.

पहिले पुढचे खूर निघाले.

"खूर घ्या हो ओव्हरसीयर, सडका केल्या जिल्हाभर,
दारापुढच्या खड्ड्यापाशी सून घसरते वर्षभर."

गल्ली इतकी हसली की कावळे उडाले. ओव्हरसीयर उभे होते, काही बोलायला गेले, काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मग माझी पाळी.

"दात द्या हे भाडेकरूंना, मोजून घ्यावे स्वतःच,
दुसऱ्यानं मोजलेलं ह्यांना पटत नाही कधी खरंच."

मी दात घेतले. खरं सांगायचं तर मोजलेही. वर एक कमी होता.

असं चालत आत्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. काका अगदी खुशीत होते. आपला सण देवासला लागला, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आत्यांनी दोन्ही कान टाके तोडून काढले. त्यांचा आवाज वर्गात फळ्यापाशी असावा तसा होता, मोठा नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"लांब कान हे दादाला, भरले आत कापसानं,
परमुलखाचं सारं ऐकलं, घरचं नाही ऐकलं त्यानं."

लोक हसले आणि मग हळूहळू थांबले, कारण आत्या हसत नव्हत्या. त्यांनी वाकून गाढवाचे मागचे दोन पाय काढले आणि काखेत धरले.

"मागचे पाय ठेवले मला, मागू नये कुणी वाटा,
अडलं गाढव हलत नसतं, ओढा, ढकला, घाला सोटा."

आणि मग साध्या बोलण्यात म्हणाल्या, "मी पुण्याला येत नाही, दादा. तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून इथं सांगितलं."

घराच्या सौद्याची गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती. काकांनी तोंड उघडलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, त्यांच्याकडे कशाचं उत्तर नाही असं कधी घडलं नव्हतं. लिफ्ट, गुडघे, दवाखाना, सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं.

ओव्हरसीयर पुढे आले. चिडवून नाही, सरळ म्हणाले, "काका, नियम तुमचाच है. जवाब पुढच्या साली, इथंच."

काका त्यांच्याकडे बघत राहिले, मग आत्यांकडे. त्यांना नियम मोडता आला असता. म्हातारा माणूस, स्वतःचं घर, कुणी काय बोललं असतं? नवा खेळ, एका सकाळचा. पण त्यांनी तोंड मिटलं. दोन्ही हात पुढे करून कान घेतले. मग जाऊन पंगतीत बसले, कान मांडीवर ठेवून. आत्यांनी त्यांच्या पानात बाफला फोडून तूप घातलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "डाळ घट्ट देऊ की पातळ?"

मला त्या वेळी त्यांचा जो अभिमान वाटला तो शब्दांत नीट बसत नाही. दुसऱ्यासाठी नियम करणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. स्वतःचा नियम स्वतःच्या गळ्याला लागल्यावर मान न हलवणारा हा एकच.

चैत्रात बिल्डर आला. मी खालीच होतो, म्हणून हे बोलणं मी स्वतः ऐकलेलं आहे. काका म्हणाले, "अभी नहीं हो सकता. एक जवाब देना बाकी है. अगली होली तक."

बिल्डरनं आवाज खाली केला. "केस चल रहा है क्या, अंकल?"

"वैसा ही समझो."

"सामने वाली पार्टी कौन है?"

काकांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आत्या भाकरी थापत होत्या. बिल्डरनं वाकून आत बघितलं. "पार्टी स्ट्राँग लग रही है," म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

पुढच्या धुळवडीला पुन्हा नवं गाढव शिवलं. सगळ्या गल्लीचं लक्ष काकांच्या उत्तराकडे. वर्षभर ते म्हणत होते की असं उत्तर देतो की ऐकत राहाल. पुरुषांची पाळी संपत आली तेव्हा ते उठले, खाकरले, आणि म्हणाले, "उत्तर अजून तयार नाही. पुढच्या वर्षी देतो."

लोकांना वाटलं, चेष्टा आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग गल्लीला कळलं, आणि तो वाटणीचाच भाग होऊन बसला. शेवटी कुणीतरी विचारायचं, "काका, जवाब?" काकांनी उठायचं आणि म्हणायचं. इंदूरहून लोक बघायला यायला लागले. दोन होळ्यांची राख आता एकत्र होते, हे कधी ठरलं ते कुणालाच सांगता येत नाही. तो बिल्डरही एका वर्षी येऊन बाफले खाऊन गेला.

आणि काका घरात कमी बोलायला लागले, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पण दोन वाक्यांच्या मध्ये थांबायला लागले. थांबून स्वयंपाकघराकडे बघत. मग आत्या बोलत. कधी चार शब्द, कधी अर्धा तास. वाटणीच्या दुसऱ्याच वर्षी खालचा मजला दुरुस्त केला, ओट्याला कठडा लावला, न्हाणीघर उंबऱ्याच्या पातळीवर आणलं. सगळं आत्यांच्या सांगण्यावरून, आणि गुडघ्यांचा प्रश्न पुण्याला न जाता सुटला.

त्यांची शेवटची धुळवड मला पुरती आठवते. थंडीत छातीचं दुखणं काढलं होतं, अंग उतरलं होतं. ओव्हरसीयर आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना ओट्यावरून खाली आणलं. वाटणी झाली. ओव्हरसीयरांच्या नातीनं सगळी वाचली, न अडखळता. मग नेहमीचा प्रश्न आला नाही. कुणाला विचारवेना. काका खुर्चीत वाट बघत बसले, मग स्वतःच काठीवर जोर देऊन उठले.

"उत्तर तयार नाही," ते म्हणाले. दम लागला म्हणून थांबले. "पुढच्या वर्षी."

आत्या गाढवाशेजारी उभ्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढून त्यांच्या मागे नीट लावली.

"सावकाश दे," त्या म्हणाल्या. "मी इथंच आहे."